आधी कोरं दाखवा

आमच्या जुन्या फ्रीजरमध्ये एके काळी सशाच्या रक्तातून काढलेलं काहीतरी राहायला आलं होतं, आणि त्याच्यापायी एक अख्खा उन्हाळा आमच्या घरात कुणालाही बर्फ मिळाला नाही. धाराशिवचा उन्हाळा ज्यांनी काढलाय त्यांना यातलं दुःख वेगळं सांगायला नको. आमचे हे ताकात बर्फाचा खडा पडल्याशिवाय जेवण झालं असं मानत नाहीत. त्या उन्हाळ्यात ते फ्रीजरच्या दाराकडे ज्या आर्त नजरेनं बघत, तसं मला बघायला आले तेव्हा त्यांनी माझ्याकडेही बघितलं नव्हतं.

ते काहीतरी आणलं होतं शमीमनं.

शमीम शेख आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला आली तेव्हा मी विभागप्रमुख होते. तेव्हा मी तरुण होते, सत्तावन्न वर्षांची. तरुणपणाचे सगळे दोष माझ्यात होते. आपल्याला सगळं कळतं असं वाटायचं, साडीच्या रंगाची पर्स लागायची, आणि माइक दिसला की घशात आपोआप गोडवा उतरायचा. कॉलेजातला कुठलाही कार्यक्रम असो, सूत्रसंचालन माझं. दोन ओळींच्या परिचयाला मी दोन पानं लावायची. बेडकाची पचनसंस्था तर मी इतकी वर्षं शिकवत होते, की बाटलीतला बेडूकसुद्धा माझ्या आधी पुढचं वाक्य म्हणाला असता.

शमीम मूळची सास्तूरची. उंच, काटकुळी, डोक्यावर ओढणी घट्ट बांधलेली आणि पायांत मात्र पळण्याचे बूट. चालणं असं की मागून येणाऱ्याला वाटावं, हिची बस सुटलीय. ती तासिका तत्त्वावर होती, म्हणजे वर्ष संपलं की नोकरीही संपली, आणि पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून अर्ज. तिला त्या चक्रातून सुटून पुण्याच्या एका संशोधन संस्थेत पीएचडीला जायचं होतं. तिथं जायचं तर स्वतःच्या हातानं केलेलं काहीतरी दाखवायला पाहिजे होतं. आमच्या प्रयोगशाळेत दाखवण्यासारखं म्हणाल तर बाटल्यांतले साप होते.

पहिल्या दिवशी मी तिला मोठ्या मनानं कॅन्टीनमध्ये नेलं.

"इथला चहा अख्ख्या जिल्ह्यात एक नंबर बरं का," मी म्हटलं.

तिनं चहा मागवला आणि सोबत एक कप नुसतं उकळलेलं पाणी. आधी पाण्याचा घोट घेतला. मग चहाचा. मग परत पाण्याचा. चहावाला आणि मी तिच्या तोंडाकडे बघत बसलो.

"म्याडम, जो वास तुम्हाला आवडतो ना, तो पाण्यालाच हाय. टाकीचा असंल. चहाचा त्यात काय दोष न्हाय, आणि गुण पण न्हाय."

चहावाला त्या दिवसापासून तिला वचकून असे. मला मात्र वाटलं, पोरगी आगाऊ आहे, हिला जरा आपल्या वर्गात बसवून शिकवणं म्हणजे काय ते दाखवावं. म्हणून मी तिला माझ्या तासाला मागच्या बाकावर बसायला सांगितलं. तास रंगला. मी दर थोड्या वेळानं विचारत होते, "समजलं का?" आणि वर्ग एका सुरात म्हणत होता, "हो, म्याडम!" तास संपल्यावर मी विजयी मुद्रेनं शमीमकडे पाहिलं.

"छान," ती म्हणाली. "आता उद्या एकदा काहीच न शिकवता विचारून बघा."

"म्हणजे?"

"म्हणजे आधी कोरं बघायचं, म्याडम. काहीच नसताना काय दिसतं ते. मग जे दिसंल ते खरं."

मी हसण्यावारी नेलं. पण रात्रभर डोक्यात तेच. दुसऱ्या दिवशी वर्गात गेले, फळा पुसला, हातावरचा खडू झटकला आणि एक शब्द न बोलता विचारलं, "समजलं का?"

"हो, म्याडम!" वर्ग म्हणाला.

मागच्या बाकावरचा एकजण तर मान डोलावून वहीत काहीतरी उतरवूनही घेत होता. मी विभागात येऊन पाण्याचा अख्खा तांब्या प्यायले. शमीमनं तो तांब्या परत भरून आणला.

"आधी कोरं दाखवा." हे तिचं वाक्य. कुणी म्हणालं, अमक्या डॉक्टरच्या गोळीनं सर्दी आठवड्यात गेली, की ही विचारायची, "आणि गोळी न घेता किती दिवसांत जाती?" कुणी म्हणालं, गाडीला लिंबू-मिरची बांधल्यापासून अपघात झाला नाही, की ही विचारायची, "आणि त्याआधी किती झाले होते?" माणसं तिला टाळायला लागली होती. तिला त्याचा पत्ता नव्हता, कारण तिच्या डोक्यात शेळ्या होत्या.

आता तिचा विषय मला जितका कळला तितका सांगते. आपल्या पेशीत डीएनएचा दोरा इतका लांब असतो, की तो हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळून ठेवावा लागतो. त्या रिळांच्या शेपटांवर मिथाइल नावाच्या बारीक खुणा बसतात. कुठं आणि किती खुणा बसल्या, त्यावर तिथलं जनुक चालू राहणार की गप्प बसणार हे ठरतं. मी वर्षानुवर्षं डीएनए शिकवला होता, पण माझा डीएनए शिडीसारखा नुसता उभा असायचा, तो गुंडाळावा लागतो हे माझ्या गावीही नव्हतं. माझा चेहरा बघून शमीमनं रीळ बाजूला ठेवलं.

"म्याडम, तुमच्या गल्लीत नळ हाय. पाइप चांगला, तोटी चांगली. पण कुणीतरी तोटीला घट्ट फडकं बांधून ठेवलंय. पाणी येईल का?"

"आमच्या गल्लीत फडकं न बांधताही येत नाही."

"तुमची गल्ली सोडा. नळ बिघडलेला न्हाय, फकस्त बांधलेला हाय. मला बघायचंय, दुष्काळात गाभण शेळीला खायला मिळालं न्हाय, तर तिच्या करडाच्या तोट्यांना फडकी जास्त बांधलेली असत्यात का."

"ते दिसणार कसं?"

"डोळ्यानं न्हायच दिसत. त्याला अँटिबॉडी लागती. असं समजा, एक म्हातारी हाय. तिला जगात फकस्त तीन गाठींचं फडकं ओळखू येतं. बाकी कायबी दाखवा, ती ढुंकून बघत न्हाय. तिला सोडली की ती बरोबर तीन गाठींच्या फडक्याला जाऊन चिकटणार. मग तिच्यामागं दुसरी बाई पाठवायची, रंगाचा डबा घेऊन. ती म्हातारीला शोधून तिथं रंग टाकती. कागदासारख्या पातळ पांढऱ्या पडद्यावर तपकिरी पट्टी उमटती. जितकी फडकी, तितकी गडद पट्टी."

ही म्हातारी सशाच्या अंगात तयार झालेली होती, आणि रंगवाली बाई शेळीच्या. मी विचारलं, "म्हणजे शेळीच्या रक्ताची साक्ष शेळीच देणार?"

शमीम जागची उठली. "म्याडम! लई भारी प्रश्न हाय हा! म्हणून तर एक पट्टी म्हातारीशिवाय चालवायची, ही बाई आपल्या मनानं कुणाला रंगवती का बघायला."

त्या एका प्रश्नावर मी महिनाभर ताठ मानेनं फिरले. अजूनही नातवंडांना सांगते.

ती अँटिबॉडी थर्माकोलच्या खोक्यातून, बर्फाच्या पिशव्यांमध्ये बसून आली. कुपी बघितली तर नाकात घालायच्या थेंबांच्या बाटलीहून लहान. शमीमनं ती लगेच बारीक नळ्यांमध्ये वाटली, कारण ती पुन्हा पुन्हा वितळून गोठवली तर मरते. कॉलेजचा फ्रीज वीज गेली की घामाघूम होई. मी अभिमानानं म्हटलं, "माझ्याकडं ठेव. नवा कोरा फ्रीज घेतलाय, बर्फ साठतच नाही त्यात."

"बर्फ साठत न्हाय म्हणजे तो मधनंमधनं आपणच गरम होऊन बर्फ वितळवतो, म्याडम. नक्को. दुसरा हाय का?"

दुसरा म्हणजे सासूबाईंच्या वेळचा, माडीच्या जिन्याखाली ठेवलेला, खडखड वाजणारा, ज्यात बर्फाचे डोंगर साठत. तो बघून शमीम अशी खूश झाली की जणू माहेरचं माणूस भेटलं. खाली इन्व्हर्टर लावला. फ्रीजरच्या दारावर तिनं चिठ्ठी चिकटवली: उघडू नये. आमच्या ह्यांनी बिचाऱ्यांनी नव्या फ्रीजमध्ये ट्रे लावून बघितला, पण सारखी वीज जाऊन त्यात पाण्याचं पाणीच राहायचं. त्यांनी चिठ्ठीकडे बघत बिनबर्फाचं ताक गिळलं आणि मला विचारलं, "ही बाई किती दिवस राहणार आहे?"

"कुठली बाई?"

"ती सशाची."

रक्ताचे नमुने गोळा करायला आम्ही ईट नावाच्या गावाला गेलो होतो, तो दिवसही सांगितला पाहिजे. मी का गेले? विभागप्रमुख म्हणून. प्रत्यक्षात फोटो निघतील म्हणून. इरकल नेसून, अंबाड्यात मोगऱ्याचा गजरा माळून मी शेळ्यांच्या गोठ्यात उतरले. तरुणपण दुसरं काय असतं?

गोठ्याच्या मालकीण म्हणजे एक खणखणीत आजी. त्यांनी आम्हाला आधी एक रोगट शेळी आणून दाखवली.

"हिचं घ्या रगत. ही बसूनच असती."

शमीम म्हणाली, "आजी, हिचं आणि हिच्या करडाचं पण घेते. पण मला ती काळी पण पायजे, ती धष्टपुष्ट."

"तिला काय झालंय? ती चांगली हाय की!"

"चांगली हाय म्हणूनच पायजे."

"आगं पोरी, डागदर आजारी जनावराला सुई लावतो का धडधाकटाला?"

"आजी, तुमची सून चांगला स्वयंपाक करती का?"

आजींचा आवाज चढला. "आता ह्यात सून कुठनं आली? करती, बरा करती."

"कुणापेक्षा बरा?"

आजींनी घराकडे एक नजर टाकली, आवाज खाली आणला आणि म्हणाल्या, "माझ्यापेक्षा न्हाय."

"मग तुमच्या हातचं खाल्ल्याबिगर सुनंचं कसं कळंल? तसं काळीचं बघितल्याबिगर ह्या आजारीचं कसं कळंल?"

आजी पदर तोंडाला लावून हसल्या. "घे बाई, काळीचं घे. बेस बोलतीस." मग स्वतः काळीची शिंगं धरून उभ्या राहिल्या. मी दुसऱ्या एका शेळीला धरलं होतं, फोटोसाठी चेहरा वळवून. मागून काहीतरी ओलं मानेला लागलं. वळून बघते तर काळीचं करडू माझा गजरा शेवटच्या कळीपर्यंत संपवून अंबाड्याचा आकडा चाखत होतं. फोटो निघाला तो तेवढाच. आजी म्हणाल्या, "म्याडम, त्याला आवडला बगा." शमीमनं नमुन्याच्या नळीवर खूण केली आणि गंभीरपणे म्हणाली, "ह्या करडाचं रक्त आज घेऊ नका. ह्यानं मोगरा खाल्लाय."

त्याच उन्हाळ्यात आमच्या लेकीला, मेघनाला, बघायला लातूरचं स्थळ आलं. त्या दिवशी शमीम नळी न्यायला येणार हे मी विसरून गेले होते. पाहुणे बैठकीत टेकले आणि ही थर्माकोलचं खोकं घेऊन, सगळ्यांना सलाम करून सरळ जिन्याखाली. मुलाच्या आई म्हणाल्या, "सरबतात जरा बर्फ असता तर..." आमचे हे आणि मी एकदम म्हणालो, "बर्फ नाही!" पाहुणे दचकले. परिस्थिती सावरायला मी शमीमला बोलावून बैठकीत बसवलं. ती मोठीच चूक होती, असं मला पुढचा थोडा वेळ वाटत राहिलं.

मुलाच्या आई सांगत होत्या, "आमचा सागर म्हणजे लई शांत. आवाज म्हणून न्हाय त्याचा घरात."

"आणि धाकटे?" शमीमनं विचारलं.

"धाकटा पण शांतच."

"आणि हे दादा, गाडी चालवत आले ते?"

"हा आमचा ड्रायव्हर. फार शांत माणूस."

"घरी कुत्रं हाय का, मावशी?"

"हाय की! इतकं शांत, की बोलू नका."

मी शमीमला डोळ्यांनी खुणावत होते. ती माझ्याकडं वळून हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशी, म्हणाली, "ही म्हातारी कुणालाबी चिकटती, म्याडम."

बैठकीत शांतता पसरली, खरीखुरी. आणि मग सागरच मोठ्यानं हसला. म्हणाला, "बरोबर आहे त्यांचं. आई सगळ्यांनाच शांत म्हणते. मी काही शांत नाही. मॅच लागली की मी इतका ओरडतो की वरच्या मजल्यावरचे लोक काठी आपटतात."

आतल्या खोलीतून मेघनाच्या हसण्याचा आवाज आला. लग्न जमलं. आज माझी नात मॅच लागली की बापाच्या वरताण ओरडते, तेव्हा मला शमीमची आठवण येते. माझ्या आजी होण्यात तिचा असा हात आहे.

आता सत्काराचं सांगते.

शमीमचा प्रयोग आमच्या प्रयोगशाळेत, पाती काढलेल्या टेबलफॅनच्या मानेवर ट्रे बांधून चालायचा. फॅन मान हलवायचा आणि ट्रेमधला पडदा, म्हातारी मोकळ्या जागेला चिकटू नये म्हणून, दुधाच्या पावडरच्या पाण्यात डुलत राहायचा. एका दुपारी तिनं मला हाक मारली. पांढऱ्या पडद्यावर तपकिरी पट्ट्या आल्या होत्या. पोट भरलेल्या शेळ्यांच्या करडांच्या फिकट, दुष्काळात उपाशी राहिलेल्यांच्या गडद. इतक्या गडद की चष्मा काढूनही दिसाव्यात.

"शमीम! आलं!"

"सबर करा, म्याडम. कोरं अजून यायचंय."

म्हातारीची परीक्षा घ्यायला तिनं एक हिस्टोन मागवलं होतं, जंतूंकडून तयार करून घेतलेलं, ज्यावर एकही गाठ नव्हती. कोरं. म्हातारी खरी असेल तर ती त्या कोऱ्याकडं बघणार नाही. ते पार्सल वाटेत कुठंतरी अडकलं होतं. पण मला कुठला सबर? मी ते प्राचार्यांना सांगितलं. प्राचार्यांनी संस्थेच्या अध्यक्षांना. अध्यक्षांनी अण्णांना. अण्णा म्हणजे आमच्या भागातले पुढारी, ज्यांच्याशिवाय इथं नारळ फुटत नाही. संध्याकाळपर्यंत सत्कार ठरला. आमच्याकडं हे असंच असतं. मुलगा परीक्षेला बसला की पेढे, निवडणुकीचा अर्ज भरला की गुलाल. निकालाची वाट बघत बसणं लोकांना अपशकुनी वाटतं.

शमीम म्हणाली, "म्याडम, नक्को ना."

"अगं, पुण्याच्या अर्जाला कात्रण जोडता येईल!" मी म्हटलं. आणि हे खोटं नव्हतं. अर्जाची मुदत संपत आली होती, तिच्या हातात ह्या पट्ट्यांशिवाय काही नव्हतं. त्या मानल्या तर पुणं, नाहीतर पुन्हा तासिका.

सत्काराच्या दिवशी सकाळी पार्सल आलं. शमीम प्रयोगशाळेत शिरली ती आतून कडी लावून. मी सभागृहात माइक तपासत होते. माझ्या परिचयात तिची तुलना चंद्राशी, समईशी आणि एका नदीशी केली होती. एका वार्ताहरानं मला गाठलं. त्याला मथळा हवा होता, भूकंपाच्या राखेतून वगैरे, कारण शमीमचा जन्म सास्तूरच्या पत्र्याच्या शेडमध्ये, भूकंपानंतर झालेला. तेवढ्यात शमीम आली, ओल्या हातानं प्लॅस्टिकची पिशवी धरून. त्यानं तिलाच विचारलं, "भूकंपामुळंच तुम्ही ह्या विषयाकडं वळलात ना?"

"सांगता येत न्हाय," शमीम म्हणाली. "माझी एखादी जुळी बहीण भूकंप न झालेल्या गावात वाढली असती, तर तिला विचारून सांगितलं असतं."

त्यानं पेन खिशात ठेवलं.

कार्यक्रम सुरू झाला. प्राचार्यांनी शमीमला अभ्यासू, मनमिळाऊ आणि कष्टाळू म्हटलं. त्याआधी त्यांनी अण्णांना, अध्यक्षांना आणि मंडपवाल्यालाही तेच म्हटलं होतं. मी चंद्रापासून नदीपर्यंत सगळं तिच्यावर वाहिलं. अण्णांनी ताटातली शाल उचलली. आणि शमीम माइकपाशी गेली.

"शाल जरा थांबवा, अण्णा."

तिनं पिशवी वर धरली. आत दोन ओले पडदे होते.

"हा पहिला. ह्यात पट्ट्या हायेत, त्या सगळ्यांनी बघितल्या. हा दुसरा आज सकाळचा. ह्यात कोरं हिस्टोन हाय. ह्यावर खूण म्हणून न्हाय. इथं पडदा पांढरा राहायला पायजे होता." तिनं दुसऱ्या पडद्यावर बोट टेकवलं. "इथंपण पट्टी आलीया. तितकीच गडद. म्हणजे माझी अँटिबॉडी खूण ओळखतच न्हाय. ती कुणालाबी चिकटती. उपाशी करडांच्या नळीत माल जास्त पडला असंल, म्हणून पट्टी गडद. दुष्काळाचा त्यात काय संबंध दिसला न्हाय. मला काय सापडलेलं न्हाय. एवढंच."

सभागृहात कुणीतरी सवयीनं टाळी वाजवली आणि मध्येच थांबवली.

मी माइकपाशी उभी, आणि माझ्या मनात काय? आमच्या ह्यांनी चोरून बर्फ तर काढला नाही ना! मी तिच्या कानात पुटपुटले, "आमच्या फ्रीजमुळं खराब झाली का गं?"

"न्हाय म्याडम. खराब झाली असती तर गप्प बसली असती. ही लई बोलती. मुळातच तशी हाय."

प्राचार्य घाम पुसत म्हणाले, "म्याडम, हे तुम्हाला उद्या नसतं का सांगता आलं?"

"उद्या शाल अंगावर असती, सर."

अण्णा मात्र शांतपणे ऐकत होते. शाल दोन्ही हातांत तशीच पसरलेली. ते म्हणाले, "पोरी, एक सांग. कुणालाबी चिकटणारी ओळखायची ही कोऱ्याची युक्ती माणसांवर चालती का?"

"चालती की, अण्णा."

"मग मला एकदा भेट. आमच्याकडं लई हायेत असे."

सभागृह खदखदून हसलं. पण आता शाल? आमच्याकडं एकदा ताटातून उचललेली शाल परत घडी करत नाहीत. ती कुणाच्या तरी खांद्यावर पडलीच पाहिजे. अण्णांनी डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं. मी माइकपाशीच होते. मी मान जरा पुढं केली, अगदी जराशी, आणि शाल माझ्या अंगावर आली. फोटोही निघाला. ह्या वेळी गजरा शाबूत होता. नारळाची आम्ही चटणी केली.

त्यानंतर शमीम काही दिवस नुसती तासाला जायची, यायची, टेबलफॅनकडं बघत बसायची. मी तिला समजवायला गेले, की पट्ट्या तशाच अर्जात लावून टाक, पुण्याचे लोक काय प्रत्येक पट्टी तपासत बसणार आहेत? तिनं माझ्याकडं असं बघितलं, की मी फळा पुसायला लागले. तिनं दोन्ही पडद्यांचे फोटो कंपनीला पाठवले. कंपनीनं मुकाट्यानं दुसऱ्या खेपेची कुपी पाठवून दिली. पुन्हा सासूबाईंचा फ्रीज, पुन्हा ह्यांचं बिनबर्फाचं ताक.

ह्या वेळी तिनं आधी कोरंच चालवलं. आम्ही दोघी ट्रेवर वाकून उभ्या होतो. रंगवाली बाई गेली, पाणी बदललं, आणि पडदा पांढराच राहिला. स्वच्छ, काही म्हणजे काही नाही. त्या काहीच नसण्याकडे बघून शमीमच्या डोळ्यांतून पाणी आलं. "बघा म्याडम," ती म्हणाली, "किती गप्प बसलीया." मी आयुष्यात पुष्कळ माणसं पुष्कळ कारणांनी रडताना बघितलीत. रिकाम्या जागेसाठी रडणारी ती एकटीच.

मग तिनं करडांचे नमुने लावले. उपाशी करडांच्या पट्ट्या जराशा गडद होत्या, डोळे बारीक करून, मान वाकडी करून बघितलं तर. तिनं अर्जात तसंच लिहिलं: फरक असावा, खात्रीनं सांगता येत नाही. सोबत चारही पडदे, आधीचा खोटा धरून. मला वाटलं, झालं, पुणं गेलं. पण तिकडून मुलाखतीला बोलावणं आलं आणि पाठोपाठ निवड झाल्याचंही. मुलाखतीत त्यांनी शेळ्यांबद्दल फारसं विचारलंच नाही म्हणे. सगळा वेळ ते कोऱ्या पडद्याकडंच बघत होते. सत्कार मात्र ह्या वेळी कुणी ठेवला नाही. सांगण्यासारखं काहीच घडलं नव्हतं ना.

ती निघाली त्या दिवशी आम्ही दोघं तिला सोडायला बसस्टँडवर गेलो. ऊन असं की डांबर बुटाला चिकटत होतं. शमीमच्या हातात थर्माकोलचं खोकं, आत उरलेल्या नळ्या. मी पिशवीतून ती शाल काढली.

"ही तीच का, म्याडम?"

"तीच. तुझीच होती. मी थोडे दिवस वापरली."

ती खांद्यावर घेईल म्हणून मी पुढं झाले. तिनं शाल हातात घेऊन जाडी चाचपली, खूश झाली, आणि खोक्याभोवती चारी बाजूंनी घट्ट गुंडाळली. "चांगली हाय. थंडी बाहेर जायची न्हाय."

पुण्याची बस भरलेली होती. तिला सावलीच्या बाजूची जागा मिळाली. तिथं तिनं खोकं बसवलं आणि स्वतः दांडी धरून उभी राहिली. शेजारचे एक आजोबा म्हणाले, "बाई, खोकं मांडीवर घ्या की, आन् बसा."

"मांडी गरम असती, आजोबा."

आजोबांनी शालीत गुंडाळलेल्या त्या पाहुण्याकडं आदरानं बघितलं आणि स्वतः थोडं सरकून घेतलं.

बस सुरू झाली. मी खिडकीखाली जाऊन ओरडले, "शमीम, पुण्याला गेल्यावर माझी आठवण काढशील ना?"

"व्हय, म्याडम!"

सगळेच व्हय म्हणतात. बस हलली, तशी मी चार पावलं पळाले, पदर सावरत, आणि विचारलं, "आणि प्राचार्यांची?"

शमीमनं क्षणभर विचार केला. मग आजोबांच्या डोक्यावरून वाकून, खिडकीतून अर्धी बाहेर येत ओरडली, "न्हाय!"

अख्ख्या स्टँडनं ऐकलं. मी तिथंच, त्या उन्हात, हसत उभी राहिले. आमचे हे मागून धापा टाकत आले आणि बसकडं बघून ओरडले, "आणि माझी?"

पण तोवर बस वळली होती.